नळ, गटार आणि शाळेचा हजेरीपट

(वार्षिक पारितोषिक वितरण समारंभातील भाषणाचा मजकूर)





बक्षीस समारंभाच्या पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, असा रिवाज आहे. ते महत्त्व तुम्हांला मी सांगायला नको. पोटाला चिमटा काढून तुम्ही मुलांना येथे पाठवता, यातच ते आले. म्हणून आज मी पाणी आणि संडास या दोन विषयांवर बोलणार आहे. बक्षीस समारंभात संडासाचे नाव काढले म्हणून कोणी संकोच करू नये. आपल्या दीनमध्ये तहारतचा धडा नमाजच्या धड्याआधी शिकवला जातो. जी गोष्ट मदरशात पहिल्या दिवशी शिकवतात, ती व्यासपीठावर बोलायला लाज कसली?

आणि हा विषय शाळेबाहेरचाही नाही. शिक्षकांनी हजेरीपट उघडून पाहावा. पावसाळ्यातल्या महिन्यांत कोण गैरहजर असते, कोणत्या गल्लीतले, किती दिवस आणि कोणत्या कारणाने, हे नीट टिपून ठेवावे. जुलाब, कावीळ, विषमज्वर ही कारणे तिथे सापडतील. "घरी काम होते" असेही कारण सापडेल. ते काम बहुतेक वेळा पाणी भरण्याचे असते आणि ते बहुतेक वेळा मुलीच्या वाट्याला येते.

विद्यार्थ्यांनो, एक साधे गणित करा. घरात पाच माणसे आहेत. मुंबईत झोपडपट्टीतल्या माणसासाठी बरीच वर्षे दररोज ४५ लिटर हा निकष धरला जात असे. इमारतीतल्या माणसासाठी तो १३५ लिटर होता. ४५ लिटर धरले तरी पाच माणसांना २२५ लिटर पाणी लागते. हंडा १५ लिटरचा धरला तर १५ हंडे झाले. नळावर जाणे, रांगेत थांबणे, भरणे आणि आणणे यांना एका खेपेस दहा मिनिटे धरा. १५ खेपांना अडीच तास लागतात. शाळा सकाळची असेल आणि पाणी सकाळी सुटत असेल, तर हे अडीच तास कोणाच्या आयुष्यातून जातात? मुलग्याला आपण "अभ्यास कर" म्हणतो आणि मुलीच्या हातात कळशी देतो. निकाल लागला की मुलगी मागे का पडली, याचे आश्चर्यही आपणच करतो.

काही जण म्हणतील, शहरात पाणीच कमी आहे, तिथे कोण काय करणार? मुंबईचे उदाहरण घ्या. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. पुढे तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी भर पडत गेली. आज दररोज ४०० कोटी लिटरच्या आसपास पाणी शहराला मिळते. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. वाढलेली वस्ती, गळती, चोरी आणि कारखान्यांचा वापर हे सगळे धरले तरी माणशी ४५ लिटरवर कोणाला ठेवावे लागेल, इतके हे पाणी थोडे नाही. त्याच जनगणनेप्रमाणे शहरातली सुमारे ४१ टक्के कुटुंबे झोपडपट्टीत राहत होती. अडचण तलावात जेवढी आहे, त्याहून जास्त वाटपात आहे.

आता दुसरी गोष्ट. आपल्या नळाला आलेले पाणी स्वच्छ कसे राहते आणि घाण कसे होते, हे समजून घ्या. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी साधारणतः चांगले असते. ते बिघडते वाटेत. आपल्या वस्त्यांत नळाच्या बारीक नळ्या गटारातून किंवा गटाराच्या कडेने गेलेल्या असतात. त्या गंजतात, सांधे सैल होतात. पाणी चालू असते तेव्हा आतला दाब जास्त असतो, त्यामुळे पाणी बाहेर गळते. पाणी बंद झाले की आतला दाब उतरतो आणि बाहेरचे गटारातले पाणी त्याच भोकांतून आत शिरते. कोणी नळाला मोटार लावून पाणी खेचत असेल, तर ही घाण आणखी जोराने आत ओढली जाते. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे ते गढूळ आणि वासाचे येते. मोटार लावणाऱ्याला वाटते, मी शेजाऱ्यापेक्षा हुशार ठरलो. प्रत्यक्षात तो शेजाऱ्याचे पाणी पळवतो आणि वर साऱ्या गल्लीच्या नळात गटार ओढून घेतो.

ही गोष्ट जगाला कशी कळली, हेही मुलांनी ऐकावे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. दूषित हवेने पटकी होते, असे त्या वेळचे मोठेमोठे डॉक्टर मानीत. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने मेलेल्यांची घरे मोजली. ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका सार्वजनिक पंपाभोवती दाट होती. त्याच्या सांगण्यावरून सप्टेंबरमध्ये त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. तेथील हेन्री व्हाइटहेड नावाच्या तरुण पाद्र्याला स्नोचे म्हणणे पटले नव्हते. ते खोटे पाडण्यासाठी तो स्वतः घरोघर फिरला, प्रत्येक कुटुंबाला विचारत गेला, आणि शेवटी स्नो बरोबर आहे हे त्यालाच पटले. पंपाच्या विहिरीजवळच्या एका घराचा मैल्याचा खड्डा विहिरीत पाझरत होता. जंतूंची ओळख डॉक्टरांना पुरती पटण्याआधी, घरोघर फिरून केलेल्या मोजणीने हे काम केले. आपल्या मोहल्ल्यातले इमामसाहेब, शिक्षक आणि दहावीचे विद्यार्थी मिळून हे करू शकत नाहीत काय? कोणत्या घरी जुलाब, कोणत्या घरी कावीळ आणि त्यांचा नळ कोणता, एवढाच तक्ता करायचा आहे. असा तक्ता हातात असला की वॉर्ड ऑफिसात आपले बोलणे कोणी सहज उडवून लावू शकत नाही.

घरात काय करता येईल, तेही सांगतो. माता-भगिनींनी नीट लक्षात ठेवावे.

पाणी सुटल्यावर पहिले गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये. ते संडासासाठी व फरशीसाठी ठेवावे. पिण्याचे पाणी गाळून खळखळ उकळावे. उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. त्याहून जास्त वेळ गॅस जाळण्याची गरज नाही. इंधन परवडत नसेल तर आरोग्य केंद्रातून क्लोरीनच्या गोळ्या मागाव्यात, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे टाकाव्यात आणि अर्धा तास थांबून मग पाणी प्यावे. भांडे अरुंद तोंडाचे व झाकणाचे असावे. रुंद तोंडाच्या माठात हात बुडवून पेला भरला की केलेली सारी मेहनत वाया जाते. लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे किंवा तोटीचे भांडे घ्यावे. पाण्याचा ड्रम आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून, घासून कोरडा करावा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. आठवड्याचा कोरडा दिवस पाळला तर त्याची पैदास तिथेच थांबते.

हात धुण्याविषयी कोणी म्हणेल, आम्ही दिवसातून पाच वेळा वजू करतो, आम्हांला काय शिकवता? वजूने स्वच्छतेची सवय लागते, ही मोठी देणगी आहे. पण संडासाहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबण लागतोच. कराचीच्या गरीब वस्त्यांत या विषयावर एक मोठा अभ्यास झाला आणि तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांना साबण दिला व हात धुण्याची सवय लावली, तेथे १५ वर्षांखालील मुलांतले जुलाब ५३ टक्क्यांनी कमी झाले आणि पाच वर्षांखालील मुलांतला न्यूमोनिया निम्म्यावर आला. तीही आपल्यासारखीच वजू करणारी घरे होती. फरक साबणाच्या वडीने पडला.

एवढे करूनही मुलाला जुलाब झालेच, तर त्याचे पाणी तोडू नका. जुलाबात पाणी देऊ नये, हा समज जीवघेणा आहे. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. सुमारे ३० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. दवाखान्यात ओ. आर. एस. ची पुडी मिळते, ती घरात असू द्या. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. दर जुलाबानंतर थोडे थोडे पाजत राहा. अंगावरचे दूध बंद करू नका. डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले किंवा शौचातून रक्त आले, तर एक क्षणही न दवडता दवाखाना गाठा.

आता संडासाचा प्रश्न. तो बायकांचा आणि मुलींचा प्रश्न आधी आहे. संडास दूर असतो, कडी तुटलेली असते, दिवा नसतो. म्हणून बाई दिवसभर पाणी कमी पिते आणि अंधाराची वाट पाहते. त्यातून लघवीचे विकार जडतात. वयात आलेली मुलगी महिन्याचे ते चार दिवस शाळेला येत नाही, आणि असे महिने साठत गेले की तिचे नाव हजेरीपटावरून गळते. केंद्र सरकारने २०१४ मध्ये सुरू केलेल्या स्वच्छ भारत अभियानात सामुदायिक शौचालयासाठी प्रमाण ठरवून दिले: पुरुषांसाठी ३५ जणांमागे एक आणि स्त्रियांसाठी २५ जणींमागे एक शौचकूप. आपल्या गल्लीत किती माणसांमागे किती आहेत आणि त्यांतले चालू किती, हे मोजून पाहा.

पुण्याचा अनुभव येथे उपयोगी पडेल. १९९९ मध्ये रत्नाकर गायकवाड महापालिकेचे आयुक्त असताना झोपडपट्ट्यांतील शौचालये बांधण्याचे आणि सांभाळण्याचे काम स्वयंसेवी संस्थांकडे देण्यात आले. दोन-तीन वर्षांत ४०० च्या वर शौचालये उभी राहिली. त्यांत महिला मिलनच्या बायका पुढे होत्या. काही ठिकाणी बांधकामाचा ठेकाच त्यांनी घेतला. त्यांनी नव्या शौचालयांत स्त्री-पुरुषांचे दरवाजे वेगळे ठेवले, पाण्याची टाकी बांधली, लहान मुलांसाठी उथळ, वेगळी जागा केली आणि राखणदाराच्या कुटुंबाला राहायला खोली दिली. हे शहाणपण वापरणाऱ्यांकडून आले. मुंबईतही जागतिक बँकेच्या साहाय्याच्या मलनिस्सारण प्रकल्पात, रहिवाशांच्या मंडळाने आधी वर्गणी जमवावी आणि मग शौचालय चालवावे, अशी पद्धत आली. जिथे मंडळ जागे राहिले तिथे शौचालय टिकले. जिथे हिशेब दिला गेला नाही, तिथे कुलूप लागले किंवा दादा लोकांचा धंदा सुरू झाला.

परंतु मला तुमच्यापुढे विशेष ठेवायचे आहे ते कराचीतल्या ओरंगी वस्तीचे उदाहरण. तेथे लाखो गरीब माणसे राहत, आणि गल्लीगल्लीत सांडपाणी उघडे वाहत असे. १९८० मध्ये अख्तर हमीद खान या वयोवृद्ध समाजसेवकाने तेथे काम सुरू केले. लोक म्हणत, गटार बांधणे हे सरकारचे काम. सरकार म्हणे, पैसा नाही. खानसाहेबांनी कामाचे दोन भाग पाडले. घरातला संडास, गल्लीतले गटार आणि ते जोडणारी पुढची छोटी वाहिनी हा आतला भाग लोकांचा. मोठी वाहिनी आणि शुद्धीकरण केंद्र हा बाहेरचा भाग सरकारचा. वीस-तीस घरांची एक गल्ली हा घटक धरला. गल्लीने आपला प्रमुख निवडायचा, वर्गणी जमवायची, खोदकाम करायचे. संस्थेने पैसे दिले नाहीत. तिने मोजमाप, नकाशा, साचे आणि सल्ला दिला. ठेकेदाराचा नफा गेला, आराखडा साधा झाला आणि खर्च सरकारी दराच्या एका अंशावर आला. पुढे हजारो गल्ल्यांनी या रीतीने आपली गटारे बांधली.

या उदाहरणाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ओरंगीतल्या लोकांना आपली घरे कोणी पाडणार नाही, असा बराचसा भरवसा होता. ज्याच्या डोक्यावर उद्या बुलडोझर येणार, तो गटारात पैसा कसा घालील? मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत घरगुती संडासाला जागा कोठून आणायची? आणि बाहेरच्या भागाचे आपले कर्तव्य सरकारने पुरे केले नाही, म्हणून कराचीचा बराच मैला आजही नाल्यांतून समुद्रालाच मिळतो. या संस्थेचे काम पुढे नेणाऱ्या परवीन रहमान यांची १३ मार्च २०१३ रोजी गोळ्या घालून हत्या झाली. जमीन आणि पाणी यांच्या चोरीचे नकाशे त्या काढीत होत्या. गरिबांच्या पाण्यात कोणाकोणाचे हितसंबंध गुंतलेले असतात, हे यावरून ओळखा.

तरीसुद्धा खानसाहेबांची ती वाटणी आपल्या कामाची आहे. आपल्याकडे दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतो, सारे सरकारनेच करावे. आणि खिडकीतून कचऱ्याची पिशवी गटारात टाकतो. दुसरा म्हणतो, आपले लोकच घाणेरडे, सरकार काय करणार. आणि नळाचा अर्ज करायला कधी जात नाही. दोघेही घरी बसतात. आतला भाग आपला आहे, तो आपण करू. बाहेरचा भाग महापालिकेचा आहे, तो आपण मागू, आणि मिळेपर्यंत मागत राहू.

मागण्याचा हक्क आपल्याला आहे काय? आहे. १९८० साली रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पैसा नाही ही सबब सांगून नगरपालिकेला गटारे व शौचालये टाळता येणार नाहीत. तो खटला रस्त्यावरच्या घाणीला कंटाळलेल्या साध्या रहिवाशांनी चालवला होता. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सुरक्षित पाणी व स्वच्छता हा मानवी हक्क मानला. १५ डिसेंबर २०१४ रोजी पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की पाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने सर्वांसाठी पाणी हे धोरण जाहीर केले. कागद आपल्या बाजूचा आहे. पण कागद आपोआप नळ होत नाही. त्यासाठी अर्ज, पोच, पाठपुरावा आणि एकजूट लागते.

आपल्या परंपरेने तर हा विषय कधीच परका मानलेला नाही. मदिनेत रूमा नावाची विहीर होती, तिचे पाणी विकले जात असे. हजरत उस्मान यांनी ती विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. खलिफा हारून अल-रशीद यांच्या बेगम जुबैदा यांनी मक्केच्या यात्रेकरूंसाठी कालवा बांधला. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी भुयारी नहर आणली. आणि याच महाराष्ट्रात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन, सार्वजनिक पाणी सर्वांचे आहे हे बजावले. पाणपोई बांधणे हे सवाबचे काम आहे, हे आपण जाणतो. गटारातून गेलेली नळी बदलून वर घेणे हेही तितक्याच सवाबचे काम आहे, असे मी म्हणतो. जमातीने जकातीखेरीजच्या देणगीतून असा एक खर्च दरवर्षी जरूर उचलावा. मशिदीच्या वजूखान्याच्या तोट्या गळत असतील तर त्या बदलाव्यात. रसूलुल्लाह (स.) पाऊण लिटरहूनही कमी पाण्यात वजू करीत, असे हदीसमध्ये आहे.

आणखी एक गोष्ट. टाकी तुंबली की आपण कोणाला तरी पैसे देऊन आत उतरवतो. त्या टाकीत विषारी वायू असतो आणि माणूस क्षणात जातो. २०१३ च्या कायद्याने असे काम करून घेणे हा गुन्हा आहे. आपल्या घराची स्वच्छता दुसऱ्याच्या मुलाच्या जिवावर होता कामा नये. यंत्राची गाडी मागवावी.

शेवटी माझी विनंती. पुढच्या वर्षीच्या समारंभापर्यंत पाच कामे करा. प्रत्येक गल्लीने एक समिती नेमावी, तिच्यात निम्म्या स्त्रिया असाव्यात. शाळेच्या विद्यार्थ्यांनी नळ, नळी, संडास आणि आजारपण यांचा तक्ता करावा. समितीने तो अर्जासोबत वॉर्ड ऑफिसात देऊन पोच घ्यावी. नळाच्या मोटारी गल्लीने एकमताने काढाव्यात. आणि संस्थेने शाळेतील मुलींच्या संडासाला कडी, दिवा, पाणी आणि साबण आहे की नाही, हे दर सोमवारी तपासून फळ्यावर लिहावे. दुसऱ्याकडे मागायला जाण्याआधी आपल्या शाळेची मोरी स्वच्छ असली पाहिजे.

मुलांनो, आज ज्यांना बक्षिसे मिळाली त्यांचे मनापासून अभिनंदन. ज्यांना मिळाली नाहीत, त्यांतल्या काहींनी सकाळी पाणी भरून मग परीक्षा दिली असेल. त्यांचेही अभिनंदन. त्यांच्या धाकट्या बहिणींना तसे करावे लागू नये, एवढे काम आपल्या सर्वांच्या हातून घडो.